इस्त्रीताईंची खरी वाक्यं

हॉटेलच्या तळघरात पाहुण्यांचे कपडे धुतले जात, आणि तिथे त्यांना सगळे इस्त्रीताई म्हणत. बावीस वर्षं एकाच टेबलापाशी उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या, पण त्यांच्या हातून सुटलेल्या कॉलरवर एक चुणी सापडेल तर शपथ. वरच्या काउंटरवर कपडे घेणाऱ्या बाई वर्षअखेर निवृत्त होणार होत्या. मॅनेजर म्हणाला, "इंग्रजी शिका, ती खुर्ची तुमची." खुर्ची म्हटल्याबरोबर ताईंच्या पायांनी आधी होकार दिला, तोंडाने मागून.

शिकवणी एका निवृत्त मास्तरांच्या पुढच्या खोलीत, दर बुधवारी दुपारी. आठ जणी. पुस्तकं कुणाकडेच नव्हती, म्हणून ताई हॉटेलातली शिळी इंग्रजी वर्तमानपत्रं नेत आणि मास्तर त्यांतलेच शब्द शिकवत. मास्तरांचा एक हट्ट होता. दर शब्दाचं वाक्य करायचं आणि ते खरं हवं, आपल्या घरातलं नाहीतर गल्लीतलं. "खोटं वाक्य चार दिवसांत उडून जातं," ते म्हणत. "खरं जन्मभर चिकटतं."

त्या वर्षी वर्तमानपत्रांत दुसरं होतं काय? मोर्चे, संप, बंदी, धरपकड. चमच्याला आणि उशीला इंग्रजीत काय म्हणतात हे ताईंना धड ठाऊक नव्हतं, पण प्रोटेस्ट, डिटेन, कस्टडी हे शब्द त्या झोपेतही म्हणाल्या असत्या. यातला एकही शब्द काउंटरवर कामाचा नव्हता, हे ना मास्तरांच्या ध्यानात आलं ना ताईंच्या. लेक तेवढी हसायची. "आई, गिऱ्हाईक शर्ट मागेल आणि तू त्याला अटक करशील!"

घरात या दोघीच. लेक चोवीस वर्षांची, सकाळी प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि संध्याकाळी मोर्च्यात असायची. ताईंना त्याची धास्ती वाटे, पण लेकीपुढे त्यांचं काही चालत नसे. आणि खरी वाक्यं हवीत म्हटल्यावर त्यांनी ती आणायची तरी कुठून? त्यांनी इंग्रजीत लिहिलं, माझी लेक मोर्च्याला जाते. मास्तरांनी लाल शाईने 'छान' असा शेरा दिला. पुढच्या आठवड्यात पत्रक हा शब्द आला. ताईंनी लिहिलं, माझी लेक पिठाच्या डब्यात पत्रकं लपवते. पुन्हा छान. शाळेत कधी कौतुक वाट्याला न आलेली बाई, ती त्या लाल शाईने पार हुरळून गेली. पुढे 'गुप्त बैठक' हे शब्द आले, 'पुढारी' आला. ताई लिहीत राहिल्या, एकेक अक्षर इस्त्री केल्यासारखं.

मग एका मंगळवारी शिकवणीतली शिंपीण धापा टाकत तळघरात आली.

"पोलिसांनी मास्तरांना नेलं, ताई. आणि तपासायला ठेवलेल्या वह्यासुद्धा. पोत्यात भरून."

ताईंनी इस्त्री बाजूला ठेवली. त्या सुट्टी न मागताच घरी धावल्या.

वहीत काय काय लिहिलंय ते ऐकून लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "माझं नाव लिहिलंस?"

"नाही गं. नुसतं 'माझी लेक' लिहिलंय."

"आणि वहीवर कुणाचं नाव आहे?"

"माझं."

लेकीने पिठाचा डबा मोरीत उपडा केला, पत्रकं पाण्यात कालवली, दोन कपडे पिशवीत कोंबले. ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कुठे जातेस ते तरी सांग."

"ते तुला माहीत नको," ती म्हणाली. "तू सगळं खरं लिहितेस." बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं. आईच्या दंडाला हात लावून ती जिना उतरली.

चार दिवसांनी, ऐन कामाच्या वेळी, मॅनेजर एका पोलीस अधिकाऱ्याला घेऊन तळघरात आला. अधिकारी साध्या कपड्यांत होता, बोलायला मऊ. त्याच्या हातात ताईंची वही होती.

"ही तुमची?"

"हो साहेब."

"इंग्रजी फार चांगलं आहे."

"कुठलं काय, साहेब! मास्तर फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. नुसतं गिरवायचं. अर्थ कोणाला कळतोय?"

चार रात्री घोकून ठेवलेलं हे वाक्य होतं, आणि खोटं असूनही चांगलं टिकलं होतं. ते बोलताना आपण मास्तरांच्या गळ्यात धोंडा बांधतोय, हे ताईंना कळत होतं. स्वतःची किळस आली. तरी त्यांनी बोलणं मागे घेतलं नाही.

अधिकाऱ्याने मान हलवली. वही मिटली. ताईंनी इस्त्री उचलली आणि शर्टाची बाही पसरली. तेव्हा तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत म्हणाला, "पोलीस ओपन्ड फायर धिस मॉर्निंग. युअर डॉटर इज डेड."

त्यातला एकही शब्द ताईंना अनोळखी नव्हता. सगळे वर्तमानपत्रातले. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला, तो त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला. इस्त्री बाहीवरून पुढे गेली, कफपाशी वळली, मागे आली. हे खरं आहे की आपल्याला बोलतं करायला टाकलेला फासा? काहीही असो, तोंडावर रेषा हलू द्यायची नव्हती.

"चहा आणायला सांगू का, साहेब?" त्यांनी विचारलं.

अधिकाऱ्याने पुन्हा एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग मॅनेजरला म्हणाला, "शी नोज नथिंग," आणि वही काखेत मारून जिना चढून गेला.

मॅनेजर तिथेच उभा होता. त्याच्याकडे बघत, इंग्रजी न कळणाऱ्या बाईने विचारावं तसंच ताईंनी विचारलं, "काय म्हणाले हो साहेब मघाशी, माझ्याकडे बघून?"

मॅनेजरने नजर खाली घातली.

"म्हणाले," तो म्हणाला, "बाई इस्त्री छान करतात."

ताई हसल्या. हसणं भागच होतं.