टिचकीचा आवाज

माझ्या चुलत सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला असेल, तर तो फक्त स्वतःच्या संशयावर. बाकी देव, डॉक्टर, पाववाला पोदेर, पुतण्या आणि पुतण्याची बायको म्हणजे मी, अशा सगळ्यांना त्यांच्यापुढे रोज परीक्षा द्यावी लागते, आणि पास झालं तरी निकाल राखून ठेवला जातो. पूर्वी ते सुर्ल्याच्या लोखंडाच्या खाणीवर वजनकाट्यापाशी बसत. वजन वाढावं म्हणून मालावर कोणी पाणी मारलंय का, हे येणाऱ्या प्रत्येक ट्रकात डोकावून बघायचं त्यांचं काम. पुढे खाण बंद झाली, काट्यावर रान उगवलं, पण काकांनी काही नोकरी सोडली नाही. आमच्या डिचोलीच्या घरात पानाच्या देठापासून पाहुण्यापर्यंत जे काही येतं, ते आधी त्यांच्या डोळ्यांखालून जातं.

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की काका पायरीवर हजर. उंडा हातात घ्यायचा, दाबायचा, कानाशी न्यायचा. पावाला कानाशी नेऊन काय ऐकतात हे त्या पोदेरालाही ठाऊक नाही, मलाही नाही, पण ऐकून झाल्यावर एखादा उंडा हमखास परत जातो. मी चहा दिला की विचारतात, "कालच्या दुधाचो काय गो?" मी म्हणते, "आजच्या." मग ते माझ्याकडे असं बघतात, की आजचं दूध आजच तापवल्याचा मलाच पश्चात्ताप व्हावा. नणंदेच्या लग्नाच्या वेळी देवळात कौल घेतला होता. आमच्याकडे मूर्तीला पाकळ्या चिकटवतात आणि उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार. पडली, उजवीकडचीच पडली. सगळ्यांनी हात जोडले. काका मात्र वर बघत होते. म्हणाले, "पंखो बंद करा." भटजी म्हणाले, "अहो, पंखा केवढा लांब आहे." काका म्हणाले, "वाऱ्याक लांब काय आणि जवळ काय." पंखा बंद करून पुन्हा पाकळ्या लावल्या, आणि पुन्हा उजवीकडचीच पडली. तेव्हा त्यांनी ती पाकळी उचलून उजेडात धरली आणि ती जरा जास्त उमललेली असल्याचा शेरा मारला. नणंदेला आता दोन मुलं आहेत, जावई सोन्यासारखा आहे, आणि काका अजून त्याच्यावर नजर ठेवून आहेत.

ही नजर म्हणजे खरं तर एकच डोळा. साखरेने डावा डोळा बिघडला तेव्हा डिचोलीतल्या एका डॉक्टरांनी लेझर करून घ्यायला सांगितलं होतं. काकांनी दवाखान्यातली चकचकीत मशीन बघितली आणि ठरवलं, की मशीन नवी आहे म्हणून हा दिसेल त्याला झोपवतोय. ते परत गेले नाहीत. त्या डोळ्याला आता फक्त दिवस आणि रात्र कळते. या विषयावर घरात कोणी बोलत नाही, काका तर नाहीच. त्यामुळे उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय असं कळलं तेव्हा मी त्यांना काही विचारत बसले नाही. गाडीत घातलं आणि म्हापशाला नेलं.

तिथली डॉक्टरीण तरुण, मोजकं बोलणारी. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, असं तिने सांगितलं. काकांनी बराच वेळ तिला निरखलं आणि विचारलं, "टिचकी मारतलास मा?" लहानपणी गावातला कंपाउंडर सिरिंज उजेडाकडे धरून टिचक्या मारायचा, हवेचा बुडबुडा वर आणायचा आणि मगच टोचायचा. सगळ्या वैद्यकशास्त्रात काकांना पटलेली ही एवढीच गोष्ट. पण डोळ्याच्या इंजेक्शनाला तोंडावर कापड घालतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात आणि भलतीकडे बघायला सांगतात. दिसणार काय? तेव्हा काकांनी ऐकायचं ठरवलं. मी बाहेर बाकावर बसलेली असायची आणि आतून संवाद यायचा.

"टिचकी मारलास?"

"मारली, काका."

"आवाज येवक नाय."

टक.

"आणखी एक."

टक, टक. डोळ्यापाशी सुई असताना या माणसाने मान हलवली तर काय होईल, या भीतीने ती बिचारी प्रत्येक वेळी टिचक्या मारायची. काका समाधानाने बाहेर यायचे आणि गाडीत बसल्यावर मला सांगायचे, की आपण नसतो तर त्यांनी हवाच भरली असती.

असे काही महिने गेले. एके दिवशी सकाळी पेजेच्या वाडग्यात बघत ते म्हणाले, "ह्या पेजेत तेल कोणी घातलां?" मी म्हटलं, पेजेत कोण तेल घालतं? त्यांनी संशयाने माझ्याकडे बघितलं आणि थबकले, कारण माझ्या तोंडावरही तेल होतं. मग भिंतीकडे बघितलं. तिथेही. जनेलातून आभाळाकडे बघितलं. माशाच्या हुमणावर तरंगतात तसे गोल थेंब, काठाला काळी कड, नजर फिरेल तिकडे मागून येणारे. काकांनी वाडगा बाजूला सारला. "माझ्या डोळ्यात तेल घातलां," ते म्हणाले. माझा नवरा हसला. म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर डोळ्यात तेल घालूनच बसलायत." एरवी असल्या बोलण्यावर काका त्याला सोलून काढतात. त्या दिवशी ते नुसते भिंतीवरचे थेंब बघत राहिले, आणि मला ते बरं वाटलं नाही.

"आता मी थंय जावचंय नाय," एवढंच त्यांनी जाहीर केलं. पुढचे दिवस तपास चालला. औषध पुरवठ्याला यावं म्हणून त्यात खोबरेल मिसळतात, असा पहिला निष्कर्ष. मग संशय नर्सवर गेला, तिथून औषधाच्या बाटलीवर, आणि शेवटी माझ्यावर, कारण तिथे नेणारी मीच. इंजेक्शनाची तारीख उलटून गेली. आणि एका दुपारी काकांनी मला हाक मारून विचारलं, "दाराची चौकट वाकडी कोणी केली?" चौकट सरळ होती. त्यांनी सुताराला शिव्या घातल्या, लाकडाला घातल्या, चौकटीवरून हात फिरवला. हाताला सरळ लागत होतं आणि डोळ्याला वाकडं दिसत होतं. डाव्या डोळ्याचंही असंच सुरू झालं होतं, असं नवऱ्याने मला हळूच सांगितलं. हा माणूस संशयापायी उरलेला डोळाही घालवून बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. समजावून उपयोग नव्हता. तेव्हा मी त्यांच्या भाषेत गेले. म्हटलं, "काका, लबाडी पकडायची तर काट्यावर जाऊन पकडायला हवी. घरात बसून ट्रक सापडतो का?" त्यांनी विचार केला आणि चपला मागितल्या.

गाडीत त्यांनी सगळी उलटतपासणी तयार केली. ती काय नाकारेल, मग आपण काय विचारायचं, मग ती कशी अडकेल. डॉक्टरणीने दिवा लावून डोळा तपासला. काका म्हणाले, "तेल आसा मा?"

"आहे," ती म्हणाली.

काकांचे पुढचे सगळे प्रश्न ती नाही म्हणेल या हिशेबाने रचलेले होते. होकारासाठी त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तिने समजावून सांगितलं: सिरिंजचा दट्ट्या आत सुरळीत सरकावा म्हणून आतून सिलिकॉन तेलाचा हात असतो. इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घेतली की कधी त्याचा थेंब औषधाबरोबर डोळ्यात जातो. सहसा अपाय करत नाही, पण निघूनही जात नाही. दिसत राहतो. मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि काका, टिचकी मारली की ते तेल जास्त सुटतं. मी मारायला नको होती. ती चूक माझी."

काका बोटाने टेबलाच्या कडेवर हळूच टिचकी मारत होते, ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मांडीवर घेतला.

"आवाज माका होयो होतो," ते म्हणाले.

"हो, पण हात माझा होता."

त्याच दिवशी त्यांनी इंजेक्शन घेतलं. मी बाहेर बाकावर कान देऊन बसले होते. आतून काहीही आवाज आला नाही. परत येताना अस्नोड्याच्या पुलावर काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ती खरां बोलली."

"हो."

"माका सवय नाय गो."

एवढं बोलून ते बाहेर बघत बसले. मला त्यांची फार माया आली. साऱ्या जन्मात कोणीतरी कबूल होईल म्हणून हा माणूस काट्यापाशी बसून राहिला होता, आणि कबुली मिळाली तेव्हा ती कुठे ठेवायची हे त्याला कळेना.

आता ते न चुकता जातात. चौकट बरीचशी सरळ झालीय, पूर्वीसारखी नाही. थेंब आहेत तिथेच आहेत. अंगणात आरामखुर्चीत बसून काका आभाळाकडे बघतात आणि मान हळूहळू फिरवतात, तेव्हा ते थेंबांना फिरवून आणताहेत हे मला कळतं. उंडे मात्र हल्ली परत जात नाहीत. पोदेराने मला बाजूला घेऊन विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना.

परवा बाजारात आम्ही बांगडे घेत होतो. नुस्तेकारणीने काकांना बघून सवयीने बांगडा पुढे केला आणि ती भांडायला सज्ज होऊन बसली. काकांनी कल्ला उघडला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तांबडा आहे की काळा पडलाय, ते त्यांना ठरवता येईना. मग तो बांगडा त्यांनी माझ्या हातात दिला.

"तू बघ. कसो आसा?"

"ताजा आहे, काका."

"बरां," ते म्हणाले, आणि पिशवीचं तोंड उघडून उभे राहिले. नुस्तेकारीण माझ्याकडे बघत राहिली. मी पिशवीत बांगडा टाकायला गेले, थांबले, आणि उजेडाकडे वळून त्याचा कल्ला पुन्हा एकदा उघडून बघितला.