भुताच्या गोष्टी वाचणाऱ्या नर्सबाई

त्या वर्षी मी तिरुवैयारुहून रोज बसने तंजावरला शिकवायला जात असे. पुढच्या बाकावर एक नर्सबाई असायच्या. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं आणि हातात भुताच्या गोष्टींचं तमिळ चित्रपुस्तक. भूत आलं की त्या पाय वर घेऊन बसायच्या. एकदा कंडक्टर मागून "अम्मा, तिकीट" म्हणाला, तर अशा किंचाळल्या की ड्रायव्हरनं बसच थांबवली.

"एवढी भीती वाटते, तर वाचता कशाला अक्का?" मी विचारलं.

"दिवसभर दुसऱ्यांना भिऊ नका म्हणून सांगते. मग मी कधी भ्यायचं?"

पुढे माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन त्यांच्याच इस्पितळात ठरलं. मी बाहेर दाराकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी नवं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, शेवटचं पान फाडून स्वतःकडे घेतलं आणि "हे नंतर" म्हणून आत गेल्या.

गोष्ट विहिरीतल्या बाईची होती. नर्सबाई बाहेर आल्या तेव्हा मी ओरडलेच, "अक्का, तिनं नवऱ्याला आत ओढलं का?"

त्या पोट धरून हसल्या. "आई शुद्धीवर आलीय. तुला विचारतेय."

मी धावले. पान मागायचं राहूनच गेलं, आणि महिन्याभरात त्यांची बदली झाली. त्या नवऱ्याचं काय झालं, मला आजही ठाऊक नाही. आई मात्र तोवर घरी येऊन माझ्या रस्समला नावं ठेवत होती.