सड्यावर चढलेला भोपळा

त्या साली मिरजेत दोनच गोष्टी बघायला माणसं लांबून यायची. एक उरूस आणि दुसरा माझ्या कारखान्याच्या दारातला भोपळा. उरसाला गर्दी जरा कमी होती.

भोपळा म्हणजे भाजीचा नव्हे. जीपच्या मागं जोडायची दोन चाकांची गाडी. आत झोपायला पलंग, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाची फळी आणि खाली अशी चाकं, की नांगरटीतनंसुद्धा निघावी. अशी गाडी आमच्याकडं कुणी बांधली नव्हती आणि बांधायची गरजही कुणाला पडली नव्हती. मला पडली ती माझ्या तोंडामुळं.

आम्ही मूळचे आटपाडीकडचे मेंढरावाले. माझ्या आज्यानं मेंढरं विकून मिरजेत बिऱ्हाड केलं, वडील सुतारकामाला लागले आणि मी तंबोऱ्याच्या गल्लीच्या तोंडाला फर्निचरचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक करवत, एक वेल्डिंगचं मशीन आणि मी. मेंढराशी माझी गाठ पडायची ती ताटातच. सासरे मात्र अस्सल होते. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा वाडा घेऊन ते निघायचे. आमच्यात मेंढरांच्या चालत्या तळाला वाडा म्हणतात. पाटणच्या वरच्या अंगाला एक मोठा सडा आहे, सपाट कातळाचं पठार. तिथं एक मुक्काम करायचा आणि मग कोकणात उतरायचं, हा त्यांचा जन्माचा नेम.

मग एका पावसाळ्यात ते घसरून पडले आणि खुबा मोडला. मिरजेच्या दवाखान्यात खुब्यात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, यापुढं भुईवर बसायचं नाही, भुईवर निजायचं नाही. मेंढरं विकली, घोडी विकली आणि म्हातारा आमच्या स्लॅबच्या घरात येऊन पडला. पडला म्हणजे नुसता पडला. झोप नाही. "उरावर डोंगार ठेवल्यागत हुतंय," म्हणायचे आणि उघड्या डोळ्यांनी पंख्याकडं बघत राहायचे. भाकरी अर्ध्यावर आली, अर्धीची चतकोर झाली. एकदा बायकोला एवढंच म्हणाले, "सड्यावर येक मुक्काम झाला असता तर बरं झालं असतं." तेव्हापासून बायको माझ्याकडं अशी बघायला लागली, की जसा काही सडा मीच कुठं लपवून ठेवलाय.

गौरी जेवायच्या दिवशी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, कराड-पाटण रस्त्यावर वडापची जीप चालवायचा. पंधरा माणसांत सोळावा मिळाला तरच गाडी हलवायची, हे त्याचं शास्त्र. जेवताना सड्याचा विषय निघाला. तो म्हणाला, "आबा, आता न्हाई झेपायचं. खाली निजायचं न्हाई, बसायचं न्हाई, तिथं काय हुबं ऱ्हानार हायसा?"

माझ्या तोंडात पुरणपोळी होती. ती गिळायच्या आधी शब्द बाहेर पडला, "मी नेतो. पलंगासकट नेतो!"

"पलंग काय डोसक्यावर घेनार व्हय दाजी?"

"तुझ्या जीपला बांधून नेतो!"

मेहुण्याला ठसका लागला. सासरे हसले नाहीत. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, न्हेनार असला तर न्या. पर अर्ध्या वाटंतनं मागं फिरवू नगा. येकदा मागं फिरलो तर मी पुन्हा न्हाई म्हननार."

झालं. आता माघार घ्यायला जागाच नव्हती.

सतार शिकायला आलेला एक परदेशी पाहुणा गल्लीत राहून गेला होता. त्याच्या रद्दीतलं एक मासिक माझ्याकडं होतं. त्यात एक चित्र होतं, डोंगर, जीप आणि जीपमागं अंड्यासारखी गाडी. मी ते तासभर बघितलं. मग मान वर केली, तर समोरच्या दुकानात तंबोऱ्याचे भोपळे उन्हाला टांगलेले. म्हटलं, जमलं. अंड्याचं आपल्याला काय कळतं, भोपळा आपल्या गल्लीतला आहे.

जुन्या बाजारातनं जीपचा एक्सल आणला. तो इतका गंजलेला होता की खरवडून काढलेल्या गंजावर गल्लीनं चार दिवस रांगोळी घातली. स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या खाली न बसवता वर बसवले, म्हणजे पोट दगडाला घासणार नाही. सांगाडा लोखंडाचा, पण वरच्या गोलाईला बरगड्या सागवानी. सागाची पट्टी वाकवायची तर तिला वाफ द्यावी लागते. वाफेसाठी आमचा आंघोळीचा बंब घेतला. मग घरात गरम पाणी बंद. थंड पाण्याच्या आंघोळीनं बायकोची जीभ मात्र अशी तापली की पुढच्या पट्ट्या मी नुसत्या तिच्या समोर धरल्या आणि त्या वाकल्या. वरनं ॲल्युमिनियमचा पत्रा, सांध्यांना तंबोऱ्याला लावतात ती लाखेची चपडी. पहिल्या वाऱ्याला सगळा भोपळा षड्ज लावून घुमला, असं मी सांगत असतो. बायको म्हणते, पत्रा वाजत होता.

सासरे रोज अंगणात खुर्ची टाकून बघत बसायचे. एकदा पलंगाची उंची ठरवायला त्यांच्या खुब्याला टेप लावली तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, तिरडीचं माप घेताय का?"

"आबा! सुभ बोला की," बायको आतनं ओरडली.

"मामा, बसताना वाकायला नको म्हणून घेतोय," मी म्हणालो. "नुसतं टेकायचं आणि आडवं व्हायचं."

"असं व्हय," म्हणाले आणि पाय जरा ताठ केला, माप चुकायला नको म्हणून.

आतनं अस्तर काय लावायचं हा प्रश्न बायकोनं सोडवला. ट्रंकेतली सासऱ्यांची जुनी घोंगडी काढली, उसवली आणि आतल्या भिंतींना, छताला खिळ्यांनी ठोकली. दार उघडलं की मेंढरांच्या खांडात शिरल्यासारखा वास. गल्लीतली मांजरं त्या बाजूनं जायची बंद झाली.

दिवाळी झाल्यावर निघालो. आता आमच्या माणसांचं लादणं बघा. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं. घोड्याच्या एका अंगाला भार जास्त झाला की ओझं फिरून पोटाखाली येतं, म्हणून डावं-उजवं सारखं पाहिजे, हे आमच्या रक्तातच. मागचं झाकण उघडून डाव्या अंगाला बायको, उजव्या अंगाला मेहुणा. तिनं पाटा ठेवला की त्यानं पाण्याचा कॅन ठेवायचा. तिनं पिठाचा डबा, त्यानं स्टोव्ह आणि वरवंटा. "मिक्सरची चटनी आबांच्या घशाखाली उतरत न्हाई," असं बायकोचं म्हणणं, म्हणून पाटा. मी सुताराची लेव्हल आडवी लावली, बुडबुडा बरोबर मधोमध. एका केसाचा फरक नाही. अशी जोखून लादलेली गाडी मिरजेतनं कधी बाहेर पडली नसेल. फक्त सगळं सामान मागच्या झाकणाजवळ होतं, आणि घोड्याला काय ते डावं-उजवं असतं, एवढंच आम्हाला ठाऊक.

सासरे जीपमध्ये पुढं, मेहुण्याशेजारी. इस्लामपूर सुटलं तसा भोपळा शेपूट हलवायला लागला. कराडजवळच्या मलकापुरात चहाला थांबलो तोवर मेहुण्याचे हात स्टिअरिंग आवळून पांढरे पडले होते. तिथं एक ऊसगाडीवाला बैलं सोडून बसला होता. त्यानं चहा पिता पिता भोपळ्याला एक फेरी घातली आणि म्हणाला, "गाडी लय उलाळ हाय की पाव्हणं."

मला उलाळ म्हणजे काय ते कळलं नाही. पण कळलं नाही असं कळू दिलं तर तो मी कसला? म्हणालो, "मुद्दाम ठेवलीया!"

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. चहा निवला त्याचा.

पाटण सोडून सड्याची वाट धरली. वाट कसली, मुरमाची घसरगुंडी. जीप पहिल्या गिअरात, धूर असा काळा की वरच्या घारी खोकायला लागल्या. अर्ध्या चढावर जीपची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी उतरून बघतो तर काय, मागं भोपळा बसलेला, त्याचा पुढचा दांडा वर उचललेला आणि त्या दांड्यानं जीपचं ढुंगण उचलून धरलेलं. चाकं भुईला नुसती चाटत होती.

मेहुण्यानं इंजिन बंद केलं. चाकांना दगड लावले. खाली वाकून वाटेकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, बास. वळायला जागा हाय तवर वळू. उगं म्हाताऱ्याचा जीव..."

मी जीपच्या पुढच्या खिडकीकडं बघितलं. सासरे समोर सड्याच्या कडेकडं बघत होते. मान वळवली नाही. हातातली काठी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मेंढ्यांच्या बाजारात शेवटचं मेंढरू विकताना त्यांनी काठी अशीच धरली होती, मी बघितलं होतं. मागं फिरलो तर पुन्हा न्हाई म्हननार.

आणि तिथं, त्या चढावर, माझ्या टाळक्यात मलकापूरचा उलाळ उगवला. मागं भार झाला की गाडी पुढनं उचलते. ऊस वाहणाऱ्यांच्या शेंबड्या पोराला कळतं ते!

त्याच वेळी खिडकीतनं आवाज आला, "चढाला घोडं बसाय लागलं की वजं मानंकडं घ्यावं."

"मी तेच म्हणणार होतो मामा!"

"मग म्हनायचं हुतं की."

हा उजेड आधी कुणाच्या डोक्यात पडला यावर आमच्या घरात पुढं कैक जेवणं झाली. पण कामाला मीच लागलो. पाटा, पीठ, पाणी, स्टोव्ह सगळं मागनं उपसलं आणि पुढं पलंगाच्या तोंडाशी रचलं. मेहुण्यानं जीप चालू केली. चाकं धरायला लागली, हातभर चढली आणि पुन्हा फिरली. थोडक्यासाठी!

बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "आवं, समद्यात जड जिन्नस तर खालीच ऱ्हायलाय."

"कुठला?"

"तुमी."

"अगं, दांड्यावर?"

"गौरीला खाल्लेल्या पोळ्या कवा कामाला यायच्या?"

मी दांड्यावर बसवलेल्या हत्यारांच्या पेटीवर बसलो. मी बसलो तशी जीपची मागची चाकं भुईत अशी रुतली, की अजून थोडा नेट लावला असता तर विहिरीचं पाणी लागलं असतं. मेहुण्यानं पाय दाबला. सायलेन्सर बरोबर माझ्या तोंडासमोर. बायको मागनं चाकाला दगड लावत चालत होती आणि ओरडत होती, "हलू नगा! श्वासबी बेतानं घ्या!" मुरूम उडत होता, पाटे कण्हत होते, आत वरवंटा नाचत होता. आणि मग एकदम धक्के थांबले. वारा लागला. सपाट कातळ, त्यावर वाळलं गवत आणि पलीकडं कोकणाची निळी पोकळी. आम्ही सड्यावर होतो.

मेहुणा उतरून मागं आला. माझं तोंड बघितलं आणि भुईवर लोळून हसला. डोळे सोडले तर माझ्यात तव्यापेक्षा वेगळं काही उरलं नव्हतं.

सासऱ्यांनी कुणाचा हात धरला नाही. काठी टेकत भोपळ्याभोवती एक चक्कर मारली, जसं विकत घेताना घोड्याभोवती फिरतात तशी. मग दार उघडलं. पलंगाला पाठ लावली, न वाकता टेकले आणि नाक फेंदारून म्हणाले, "ह्यो वास कशाचा?"

"तुमच्या घोंगड्यांचा हाय आबा," बायको म्हणाली.

सासऱ्यांनी पाट्यावरच्या खर्ड्याशी दोन भाकरी खाल्ल्या. पुऱ्या दोन! बायकोनं तिसरी भाजायला घेतली तोवर आतनं घोरणं सुरू झालं. ते घोरणं असं, की खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी ढग गडगडले म्हणून वाळवणं घरात घेतली. आम्ही तिघं बाहेर ताडपत्रीखाली पडलो आणि वैतागायचं सोडून ऐकत राहिलो.

सकाळी जाग आली ती घुंगरांनी. सगळा सडा मेंढरांनी पांढरा-काळा झालेला. कोकणात उतरणारा एक वाडा आला होता. पुढं लाल पटक्याचा दांडगा गडी. त्यानं जीप बघितली, भोपळा बघितला, माझं काळं तोंड बघितलं आणि चार पावलं लांब थांबूनच विचारलं, "वाडा कुनाचा म्हनायचा ह्यो?"

मेहुण्यानं तोंड उघडलं. मी छाती भरून घेतली, कारण सांगण्यासारखं बरंच होतं. तेवढ्यात भोपळ्याचं दार उघडलं. सासरे दारात ताठ उभे होते.

"माजा," ते म्हणाले. "जावयानं बांधलाय."

गडी भोपळ्याकडं बघून म्हणाला, "आन् मेंढरं वो?"

"मेंढरं तुमी आनलीसा की!"

तो गडी असा हसला की त्याची कुत्री भुंकायला लागली. जवळ आला, म्हाताऱ्याच्या पाया पडला. मग सासरे त्याला काठीनं दाखवत राहिले, पाणी कुठल्या झऱ्याला, उतार कुठल्या अंगानं सोपा, कोकरांना कुठं जपायचं. गडी मान डोलवत ऐकत होता. सगळं त्याला ठाऊक होतं हे मलासुद्धा कळत होतं.

मेंढरं कडेवरनं खाली उतरायला लागली, तशी सासऱ्यांनी काठी पत्र्यावर आपटली. "भरा आता. उन्हं वर आल्यावर कुनी मुक्कामाला बसत न्हाई. पाव्हणं, फुडला मुक्काम कुठं?"

मेहुणा म्हणाला, "आबा, माजी वडापची पाळी हाय आज..."

म्हाताऱ्यानं ऐकलंच नाही. मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं, मी बायकोकडं, बायकोनं आभाळाकडं. मग मेहुण्यानं मुकाट्यानं पाटा उचलला आणि न विचारता पुढच्या अंगाला नेऊन ठेवला. जीपचं तोंड कोकणाच्या रस्त्याकडं वळवलं.

मी तोंड धुतलं नाही. काजळी तशीच ठेवून दांड्यावरच्या पेटीवर जाऊन बसलो. रस्ता उताराचा होता, माझ्या वजनाची काही गरज नव्हती. पण मला कुणी ऊठ म्हटलं नाही.