दिपमालाचा पहिला घाटा

दिपमाला पाटील कुठेही झोपायची. हातातला चहा सांडायचा, तेव्हा जाग यायची. सोनगीरच्या गल्लीत तिचं नावच ‘झोपाळी’ पडलं होतं. तिचं घोरणं दिराने मोबाइलमध्ये भरून एका हळदीला वाजवलं. सगळे पोट धरून हसले, तीही हसली.

लेकीला, मोहिनीला, बघायला पहूरचे पाहुणे आले, तेव्हा पोह्यांच्या बशा वाटून दिपमाला भिंतीला टेकली आणि तोंड उघडं टाकून झोपली. लग्न जमलं, पण मुलाच्या आत्याने विचारलंच, “विहीणबाईंना काही आहे का?”

म्हणून नवऱ्याने, हितेंद्रने, तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. म्हणाले, “झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास थांबतो. तासाला चाळीस वेळा. रात्रभर पडून असतात, पण झोप होतच नाही. हा आळस नाही.” नाकावर मुखवटा लावून हवा देणारं मशीन दिलं. रोज लावायचं. “अंगात तरतरी येईपर्यंत चुलीपाशी एकट्या बसू नका.”

आठ दिवस तिने ते लावलं. नवव्या दिवशी दुपारी तिने अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं, जाहिरातींसकट. मग सासूला म्हणाली, “आक्का, काही काम आहे का?” एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला होता.

त्याच आठवड्यात शेजारीण साखर मागायला आली. उशाशी मशीन आणि नळी पाहून ती दारातच थबकली. “ऑक्सिजनवर ठेवलंय का?”

सासू झुंबरबाईंनी ती गेल्यावर मशीन उचललं. “बठ्ठा गाव म्हणी, नवरीनी माय आज जास का उद्या. पहूरवाला ऐकतीन तर?” लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

दिपमालाने हितेंद्रकडे पाहिलं. तो म्हणाला, “इतकी वर्षं झोपलीसच ना? अजून एक महिना.”

तिने मोहिनीकडे पाहिलं.

“फक्त लग्नापर्यंत, आई,” मोहिनी म्हणाली. “मग लाव की जन्मभर.”

चार दिवसांत पुन्हा चहा सांडू लागला.

लग्नाच्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, पहिला घाटा त्या घरात नवरीच्या आईनेच घाटायचा, खाली उतरेपर्यंत दुसऱ्या बाईने हात लावायचा नाही. अंगणात चूल पेटली. ज्वारीच्या पिठाचा दाट घाटा पातेल्यात रटरटू लागला. गल्लीतल्या बाया बिबड्या थापायला खाटांवर ओली धोतरं पसरत होत्या.

“जाग्या आहात ना, वहिनी?” एकीने विचारलं. बाकीच्या हसल्या.

“जागी आहे,” दिपमाला म्हणाली.

तिच्या हातातलं लाकडी घाटणं पातेल्यात फिरत राहिलं, मग हळू झालं. तिची मान पुढे कलली आणि उजवा हात कोपरापर्यंत घाट्यात गेला.

बायांनी तिला ओढून काढलं. झुंबरबाईंनी तिच्या हातातून पडलेलं घाटणं उचललं. “तिले तठे बसाडा,” त्या म्हणाल्या आणि ढवळू लागल्या. “घाटा खाले लागी जाई.”

त्या दिवशी बिबड्या छान झाल्या.

चौथ्या दिवशी हातावरची पट्टी बदलायला धुळ्याला जायचं होतं, तेव्हा झोपेच्या डॉक्टरांनी मशीनही सोबत आणायला सांगितलं. झुंबरबाईंनी किल्ली काढून दिली. दवाखान्यात मशीनमधलं नोंदींचं कार्ड डॉक्टरांनी संगणकात घातलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बावीस दिवस हे चालूच केलेलं नाही.”

मोहिनी मोबाइलवर मेंदीची चित्रं सरकवत होती. तिचं बोट थांबलं.

“कंटाळा करते हो,” हितेंद्र म्हणाला. “सांगून सांगून थकलो आम्ही.”

डॉक्टर दिपमालाकडे वळले. “का लावलं नाही, ताई? मला खरं सांगा.”

दिपमालाने तोंड उघडलं. मोहिनी तिच्याकडेच बघत होती. खरं सांगायचं तर कुठून सुरुवात करावी, कोणाचं नाव आधी घ्यावं, याचा विचार करता करता तिच्या पापण्या जड झाल्या. हनुवटी छातीवर टेकली. घसा घरघरला, मिटला.

हितेंद्रने तिच्याकडे बोट केलं.

“बघा,” तो म्हणाला.