धाकटीची खुर्ची

तीन फेब्रुवारीला, शनिवारी, आमच्या धाकटीने रोख दोन हजार तीनशे चाळीस मोजून एक जुनी गिटार विकत घेतली. दुकानदार अडीच हजारांवर अडून बसला होता. त्याला खाली आणण्यासाठीच तिने मला बरोबर नेलं होतं. "भावोजी, तुम्ही काही बोलू नका, नुसते चष्मा पुसत उभे राहा," तिने वाटेत बजावलं होतं. "समोरच्याला आपोआप वाटतं, आपला हिशेब चुकला." मी चष्मा पुसला. एकशे साठ कमी झाले.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. आमच्या घरात ती आली तेव्हापासून तिला सगळे धाकटीच म्हणतात; आता बावन्न वर्षांची आहे, तरी धाकटीच. जलतरण तलावाच्या तिकीटखिडकीवर ती नोकरी करते. सकाळी सहा ते दुपारी एक. पाण्याचा, शिट्ट्यांचा आणि पोरांच्या किंकाळ्यांचा आवाज फरशीच्या भिंतींवर आपटून दुप्पट होतो, आणि त्याच्यावर आवाज चढवून ती ओरडत असते, "टोपी! टोपी घातल्याशिवाय आत सोडणार नाही! काका, तुम्हालाही सांगतेय, टकलाला सूट नाही!"

घरी मात्र सगळं उलटं. माझा भाऊ वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला यंत्रावर असतो. सकाळी आठला झोपतो, चारला उठतो. लग्न झाल्यापासून हाच क्रम. त्यामुळे त्यांच्या घरात दाराच्या घंटीची तार काढलेली आहे, खुर्च्यांच्या पायांना जुन्या कोटाचे तुकडे चिकटवलेले आहेत आणि चमचासुद्धा चोरपावलांनी ठेवतात. त्यांची मुलगी बोलायला शिकली तीच कुजबुजायला. शाळेत बाईंनी पहिल्या महिन्यात विचारलं होतं, हिचा घसा बरा आहे ना?

अशा घरात गिटार कशी आली, ते सांगायला हवं.

तलावाच्या वर एक लांबट हॉल आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे पाच-सहा जण जॅझ वाजवतात. सगळे आपापले उद्योग सांभाळून येणारे. सॅक्सोफोन एक दाताचे डॉक्टर वाजवतात, उभा बास, म्हणजे माणसाएवढं उंच, खर्जातलं तंतुवाद्य, एक पोस्टमन. एका शनिवारी धाकटीने कुणाची तरी संध्याकाळची पाळी घेतली होती. पोहायला शिकवणाऱ्यांची शिट्टी ऐकू येईना म्हणून 'जरा हळू वाजवा' असं सांगायला ती वर गेली आणि तासभर खाली आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली ती डोळे मोठे करून. "भावोजी, ते लोक एकमेकांशी वाजवून बोलतात हो. आणि मध्ये एक खुर्ची रिकामी आहे."

ती गिटारची खुर्ची. तिथे पूर्वी बसायचे ते सर आता पियानोवर गेले होते, कारण त्यांच्या डाव्या हाताची बोटं सांध्यात धरायची. दर बुधवारी दुपारी ते त्याच हॉलमध्ये नवशिक्यांना गिटार शिकवत. बुधवार हा तलावाच्या सुट्टीचा दिवस. धाकटीने लगेच नाव घातलं. आणि ती खुर्ची मिळवायची असं मनाशी पक्कं केलं.

खुर्चीचा त्या मंडळींचा एक नियम होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणीही नवा माणूस तिथे बसू शकतो. कागद समोर ठेवायचा नाही. कुणासाठी कुणी थांबत नाही आणि कुणी कुणाला उठवतही नाही. वाजवता वाजवता जो हरवेल, त्याने स्वतःहून उठायचं, गिटार स्टँडवर ठेवायची आणि मागे जाऊन बसायचं. सरांनी हे सांगितलं तेव्हा धाकटी म्हणाली, "म्हणजे काढून टाकायची कटकट तुम्हाला नाही. ज्याची चूक त्यालाच न्यायाधीश नेमल्यासारखं झालं." सर हसले, पण नियम बदलला नाही.

भावाला यातलं काही सांगायचं नाही, असं तिने मला आणि माझ्या बायकोला बजावलं. माझी बायको म्हणाली, "का गं, तो काय गिळणार आहे तुला?"

"गिळायचं कुठलं ताई, ते म्हणतील, 'वाजव की, मला काही त्रास नाही.' आणि मग दिवसभर छताकडे बघत पडून राहतील. रात्री त्या यंत्रात हात घालायचा असतो त्यांना. खुर्ची मिळाली की सांगेन. नाही मिळाली तर गिटार विकून टाकीन, म्हणजे सांगायलाही काही उरणार नाही."

आम्ही दोघांनी कबूल केलं.

जॅझच्या कॉर्डबद्दल, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीबद्दल, मला वाटायचं की बोटांचा गुंता असेल. धाकटीने एकदा मला समजावून सांगितलं आणि मला ती पद्धत फार आवडली. सहाच्या सहा तारा वाजवायच्याच नाहीत. तीन घ्यायच्या. एका बोटाखाली मूळ सूर, एकाखाली तिसरा, एकाखाली सातवा. पाचवा सोडून द्यायचा. त्याच्यावाचून काही अडत नाही. मधल्या नको असलेल्या तारेला बोटाच्या कडेने नुसतं टेकून मुकं करायचं. आणि एका जातीच्या कॉर्डवरून दुसऱ्या जातीच्या कॉर्डवर जायला सगळा हात उचलावा लागत नाही. मेजर सेव्हन धरलेला असेल तर एक बोट एक फ्रेट, म्हणजे दांडीवरची एक पट्टी, मागे घ्यायचं, झाला डॉमिनंट सेव्हन. अजून एक बोट मागे, झाला मायनर सेव्हन. हिशेबनीस म्हणून जन्मभर खर्चात काटछाट करायला सांगत आलेल्या मला हे संगीत पहिल्यांदाच आपलं वाटलं.

पण समजणं वेगळं आणि बोटांनी ऐकणं वेगळं. पहिले काही आठवडे तिच्या बोटांच्या टोकांना चरे पडले. तिकिटं फाडताना ती ओठ चावायची. करंगळी नुसतीच हवेत उभी राहायची. "पाहुण्यासारखी," ती म्हणायची, "बस म्हटलं तरी बसत नाही."

सराव ती दुपारी दोन ते साडेतीन करायची, स्वयंपाकघरात, मोरीजवळच्या स्टुलावर. भिंतीपलीकडे भाऊ झोपलेला. तारांखाली तिने हात पुसायचा टॉवेल घडी करून खुपसला होता, म्हणजे कॉर्ड वाजायचा नाही, नुसता 'टक्' व्हायचा. त्यावरही भरवसा नाही म्हणून ती तार छेडल्याबरोबर डाव्या बोटांचा दाब सैल करून उरलासुरला आवाज मारायची. पलंग करकरला की गिटार फ्रिजच्या मागे.

मे महिन्यात एका संध्याकाळी भाऊ खाली आमच्याकडे आला. हातात पाना.

"दादा, तुझ्याकडे अर्ध्या इंचाचा वॉशर आहे?"

"कशाला?"

"स्वयंपाकघरातला नळ गळतोय. झोपेत ऐकू येतं. टक् टक् टक् टक्. पण मेला शिस्तीत गळतो रे. चारचे गट करून. आणि उठून बघायला गेलं की बंद!"

माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती आतल्या खोलीत गेली. मी ड्रॉवरमध्ये वॉशर शोधत राहिलो, पुष्कळ वेळ. त्याने तो बसवला. दोन आठवड्यांनी दुसरा बसवला. मग तिसरा. धाकटी मला म्हणाली, "यांना हल्ली नळाचं काय वेड लागलंय कळत नाही. उठले की आधी मोरीकडे." ते दोन धागे तिच्या डोक्यात जुळलेच नव्हते, तिच्या कानांनी तो 'टक्' आवाज म्हणून धरलाच नव्हता. मीही जुळवून दिले नाहीत. सांगितलं असतं तर तिने सराव सोडला असता.

जूनच्या पहिल्या शनिवारी ती खुर्चीत बसली. मी मागच्या बाकावर होतो. त्यांनी एक संथ चीज घेतली. अशा संथ वाजवण्यात कॉर्ड लांबवर ऐकू यावा लागतो, आणि धाकटीचा प्रत्येक कॉर्ड जन्मल्याबरोबर मरत होता. टक्. टक्. मध्ये सगळी पोकळी. काही वेळाने ती उठली, गिटार स्टँडवर ठेवली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चला," ती म्हणाली, "दुकानदार परत किती देईल?"

पण सर तिच्यामागून आले. "तुम्ही हरवला नव्हतात. प्रत्येक जागा बरोबर होती. मग उठलात का?"

"माझं मलाच ऐकू येत नव्हतं."

"घरी सराव कसा करता?"

तिने टॉवेलची गोष्ट सांगितली. सरांनी तिला पुन्हा गिटार घ्यायला लावली, डाव्या हाताकडे वाकून बघितलं, आणि पोस्टमनला हाक मारली. "जरा चालीत वाजव रे. ब्लूज." पोस्टमनने बासवर, एकेका ठोक्याला एक सूर टाकत, चालायला सुरुवात केली आणि सर धाकटीला म्हणाले, "मोरीजवळ बसलाय असं समजा."

ते थोडंच वाजवलं त्यांनी. पण पोस्टमनने मान वर केली आणि म्हणाला, "अरे, हे माझ्या पायाखाली फरशी घातल्यासारखं आहे."

"संथ वाजवायला तुम्हाला टॉवेल काढून वेगळं शिकावं लागेल, ते नंतर बघू," सर म्हणाले. "पण चालीच्या वाजवण्यात मारलेला आवाजच लागतो. इथे लोक दोन-दोन वर्षं घासतात त्यासाठी. जुलैत बसा. आणि गिटार विकायची नाही."

धाकटीने महिनाभर एकच गोष्ट घोटली. ब्लूजची बारा घरं असतात, प्रत्येक घरात चार ठोके. पहिली चार घरं एका कॉर्डची, मग दोन घरं दुसऱ्याची, दोन परत पहिल्याची, नवव्या घरात तिसरा कॉर्ड, दहाव्यात दुसरा, आणि शेवटची दोन घरं पुन्हा पहिल्याची. मग परत पहिल्या घराच्या दारात. ती तलावावर जाता-येता पुटपुटायची. एका बाईने तिकीट मागितलं तर तिला म्हणाली, "थांबा, नवव्यात आहे."

जुलैच्या पहिल्या शनिवारी हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या आणि खालून क्लोरीनचा वास येत होता. धाकटी कामावरच्या निळ्या कोटातच बसली; घरी संध्याकाळची पाळी आहे असं सांगून आली होती. सरांनी बोटाने चार मोजले.

पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या आड होती. दुसऱ्या फेरीत डॉक्टरांनी सॅक्सोफोन उचलला आणि बेभान सुटले. मी पाहत होतो तिच्या डाव्या हाताकडे. बोटं दाबत होती, सुटत होती, दाबत होती, सुटत होती. करंगळी कुठेही उभी राहिली नव्हती. चौथ्या फेरीत सरांनी पियानोवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग डॉक्टर थांबले. ड्रमवाल्याने आवाज इतका खाली आणला की नुसती कुंचल्याची घासघास उरली. आता फक्त बास आणि धाकटी. हरवायचं असेल तर हीच वेळ.

आणि नेमका तेव्हा दारात माझा भाऊ. पायात घरच्या चपला, शर्टाच्या खिशातून पाना बाहेर आलेला. मला बघून तो वाकून आत आला आणि कुजबुजला, "दादा, ही कुठाय? प्लंबर घरी बसलाय, त्याला एकशे ऐंशी द्यायचेत आणि पैसे हिच्या पर्समध्ये. खालची बाई म्हणाली वर..."

तो थांबला. त्याने मान तिरकी केली. झोपेतून ऐकावं तसा तो ऐकू लागला. टक् टक् टक् टक्. त्याची नजर बासवरून ड्रमवर आणि ड्रमवरून निळ्या कोटावर गेली.

"दादा," तो म्हणाला, आणि कुजबुजायचं विसरला, "हा तर आपला नळ!"

सगळ्या हॉलला ऐकू गेलं. पोस्टमनला हसू फुटलं आणि त्याचा एक सूर घसरला. धाकटीने वर पाहिलं. नवरा समोर, पाना खिशात, तोंड उघडं. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर सगळे वॉशर एकदम जुळले. तिचे खांदे हसण्याने हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, पण हात चुकला नाही. नववं घर आलं, तिने तिसरा कॉर्ड धरला. दहावं. अकरावं. घसरलेला पोस्टमन तिच्याच ठोक्याला धरून परत वर आला. बारावं घर संपलं आणि डॉक्टरांनी सॅक्सोफोन तोंडाला लावून असा सूर ठोकला की खालच्या तलावात शिट्टी वाजली.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे ती पद्धत नाही. सर पियानोवरची पानं उलटत म्हणाले, "पुढचं. तिसऱ्या पानावरचं."

"मी?" धाकटीने विचारलं.

"मग काय, मी? माझी बोटं गेली."

पोस्टमनने पायाने कागद ठेवायचा एक रिकामा स्टँड तिच्या खुर्चीसमोर सरकवला.

मध्यंतरात भाऊ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "तीन वॉशर बदलले मी!"

"अहो, मला वाटलं तुम्हाला छंद लागला."

"अख्खा नळ खोलून ठेवलाय त्याने घरी! म्हणतो, यात काही दोष नाही." मग पाना खिशात नीट खोचत, "पण वाजतं छान गं. मला सवयच झाली होती. बुधवारी वाजत नाही, तर झोपच लागत नाही."

"बुधवारी क्लास असतो माझा."

"मग बुधवारचं काय करायचं?" तो खरंच काळजीने म्हणाला.

टॉवेल आता तिने काढून टाकलाय, कारण संथ चीज शिकायची आहे. दुपारी त्या भिंतीच्या अलीकडे कॉर्ड पूर्ण वाजतात आणि पलीकडे माझा भाऊ घोरतो. दाराच्या घंटीची तारही तिने परत जोडून घेतली.

त्या संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो तेव्हा प्लंबर कंटाळून निघून गेला होता. नळ त्याने परत जोडला होता. त्याचे एकशे ऐंशी अजून द्यायचे आहेत.