प्रेसशॉपमधला क्लॅरिनेटवाला

हेडफोनमध्ये मी कुठलाच आवाज सोडलेला नव्हता, तरी मिलिंद बटण दाबत होता.

मी काचेतून त्याच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली. माझ्यासमोरचा लाल दिवा पुन्हा लागला. मी उठून खोलीचं दार उघडलं.

"जाधव, आवाज आला की दाबायचं. आता आवाज नव्हता."

"येतोय ना, मॅडम. बारीक, शिट्टीसारखा. तुमी बंद केला काय?"

"मी लावलाच नव्हता."

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे कॅसेट खराब नाय."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर होते. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग तिथे बनत. प्रेसशॉप म्हणजे पत्रा कापणाऱ्या आणि ठोकून त्याला आकार देणाऱ्या मोठ्या यंत्रांची शेड. तिथे शेजारी उभी असलेली माणसंसुद्धा एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. परदेशी भागीदारांच्या आग्रहामुळे कंपनीने ऑडिओमीटर घेतला होता. हे यंत्र वेगवेगळ्या उंचीचे सूर हळूहळू वाढवत कानात सोडतं. माणसाला ऐकू आलं की तो बटण दाबतो. त्यावरून आलेख काढायचा. जुन्या स्टोअररूमला थर्माकोल लावून मी टेस्टची खोली केली होती.

मिलिंदच्या आलेखात खालच्या सुरांची रेघ सरळ होती. वरच्या सुरांशी येऊन ती खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती, दोन्ही कानांत. सततच्या दणक्याने कानातल्या बारीक पेशी मरतात तेव्हा आलेख असा दिसतो. त्या पेशी पुन्हा येत नाहीत. शिवाय कानात शिट्टी वाजत राहते. त्यावर तेव्हा औषध नव्हतं, आजही नाही.

मी हे सांगितलं. त्याने एकच विचारलं, "क्लॅरिनेट?"

मिलिंद जाधव वाशीत एका खोलीच्या घरात वडिलांबरोबर राहायचा. माणसं मूळची रत्नागिरीकडच्या बौद्धवाडीतली. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दमा झाला तेव्हा वाद्य मुलाकडे आलं. मुलगा त्यावर थांबला नाही. भायखळ्याच्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती सरांकडे जाऊन तो नोटेशन वाचायला शिकला. त्यांनीच त्याला विसाव्या शतकातल्या युरोपीय संगीताच्या कॅसेट दिल्या. त्यात गुणगुणावी अशी चाल नसते, मान डोलवावी असा ठेका नसतो. सूर मध्येच तुटतात, एकमेकांवर आपटतात. त्याने एकदा दवाखान्यात मला ऐकवलं होतं.

"कोणीतरी भांडी पाडतंय," मी म्हणाले होते.

तो हसला. "मला पण पैल्यांदा प्रेसशॉपच वाटला. म्हणून तर आवडलं, मॅडम. दुसरी गाणी ऐकायची तर कारखाना विसरायला लागतो. यात कारखाना पण बसतो."

त्याचा दुसरा नाद अर्थवृत्ताचा. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, रीड म्हणतात. चांगली रीड फ्रान्सहून येई. बजेटमध्ये आयातकर वाढला की ती महाग होई, कधी मिळेनाशी होई. ते का होतं हे कळावं म्हणून मिलिंद इंजिनिअर लोकांनी टाकलेले अर्थविषयक पेपर वाचू लागला, आणि मग सुटलाच नाही. जेवणाच्या सुट्टीत इतर पोरं क्रिकेटवर भांडत. हा डिव्हिडंड आणि लायसन्सच्या बातम्या वाचत बसे.

त्या सुमारास मुंबईतल्या एका हौशी वाद्यवृंदाने त्याला निवडीसाठी वाजवून दाखवायला बोलावलं होतं. दिवाळीनंतर जायचं होतं. त्यासाठी तो रोज कॅसेटवरचा एकच तुकडा ऐकत होता. त्यात एके ठिकाणी व्हायोलिनचा एक अगदी बारीक सूर लांबत जातो. कॅसेट संपली तरी तो सूर थांबत नव्हता. टेपचा दोष समजून त्याने माझ्याच दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस नेऊन टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं होतं.

मी त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला: आवाजामुळे बहिरेपणाची सुरुवात, प्रेसशॉपमधून तातडीने हलवावं. तो घेऊन पर्सोनेल मॅनेजर कुलकर्णींकडे गेले.

"डॉक्टर, हा तोच बँडवाला ना?"

"क्लॅरिनेट वाजवतो."

"मग झालं! घरी पीपी करून कान गेलाय. त्यात आमचा काय संबंध?"

"क्लॅरिनेटने कान असा जात नाही. आणि तसं असेल तर प्रेसशॉपमधल्या बाकीच्यांचे आलेख असेच का येतायत? ते काय वाजवतात?"

कुलकर्णींनी पेन खाली ठेवलं. "जॉइनिंगच्या वेळची टेस्ट आहे तुमच्याकडे?"

नव्हती. यंत्र नवीन होतं. मिलिंद कामाला लागला तेव्हा कंपनी फक्त वजन, छाती आणि डोळे तपासत असे.

"मग तो इथे येताना चांगला होता हे सिद्ध कसं करणार?"

मी वाद घालत राहिले. शेवटी ते म्हणाले, "वॉचमनची एक जागा आहे, गेटवर. पण सिनियॉरिटी जाईल, नवा माणूस म्हणून लागेल. विचारा त्याला."

मी मिलिंदला बोलावून सांगितलं. त्याने खिशातून पेपरचं कात्रण काढलं. सरकारने आमच्या कंपनीला उत्पादन वाढवण्याचं लायसन्स दिल्याची बातमी होती. नवी यंत्रसामग्री, नवी शेड, परदेशी तंत्रज्ञान.

"मॅडम, आता नवीन छोट्या गाड्या निघाल्यात. पार्टस् पायजेच. नवीन प्रेस हायड्रॉलिक येतील, आवाज अर्धा पण नाय. क्वालिटी तपासायला पोरं घेतील. मी आयटीआय केलाय. आता सिनियॉरिटी सोडली तर मी सगळ्यांच्या मागे."

"कान तोपर्यंत थांबणार नाहीत, मिलिंद."

"थोडेच महिने. मफ घालतो ना."

मफ म्हणजे कानावर चढवायच्या टोप्या. त्या घातल्या की यंत्राचा बदललेला आवाज कळत नाही, आणि तो वेळेत कळला नाही तर हात जातो. म्हणून प्रेसवरची जुनी माणसं त्या गळ्यात अडकवून ठेवत. मिलिंदने घातल्या. सुपरवायझरच्या हाका त्याला ऐकू येईनात. त्यावरून दोनदा तंबी मिळाल्यावर त्यानेही त्या गळ्यात ठेवल्या.

मी त्याच्या वडिलांना भेटायला वाशीला गेले. म्हातारबुवा खाटेवर उशीला टेकून बसले होते. श्वास घेत घेत बोलले, "बाई, मी सांगून पायलं. तो मला बातमी वाचून दाखवतो. छापलेलं हाय म्हणतो. मी काय बोलू?"

दिवाळीनंतर मिलिंद वाद्यवृंदाकडे जाऊन आला. दुसऱ्या दिवशी न बोलावताच दवाखान्यात आला आणि स्टुलावर बसला.

"एकट्याने वाजवलं ते आवडलं त्यांना. मग सगळ्यांबरोबर बसवलं. त्या तुकड्यात ठेका नाय, मोजता येत नाय. व्हायोलिनचा बारीक सूर थांबला की मी सुरू करायचं." तो थांबला. "माझा सूर थांबतच नाय, मॅडम. मी बसून राह्यलो. दुसऱ्यांदा अंदाजाने घुसलो तर लवकर घुसलो. वाजवून घेणारे साहेब चांगले होते. म्हणाले, कान तपासून घे."

मी त्याला चहा दिला. त्याने तो घेतला नाही.

उन्हाळ्यात प्रेसशॉपमधली यंत्रं ताडपत्री बांधून ट्रेलरवर चढू लागली. नवी शेड खरंच उभी राहिली होती. लायसन्स, परदेशी तंत्रज्ञान, हायड्रॉलिक प्रेस, सगळं खरं होतं. फक्त ते दुसऱ्या राज्यात होतं. तिथे जमीन स्वस्त होती आणि युनियन नव्हती. बातमीत जागेचं नाव नव्हतं. रबाळ्याच्या गेटवर कारखाना बंद होत असल्याची नोटीस लागली तेव्हा माणसं रांगेत उभी राहून ती वाचत होती. मिलिंदने वाचली नाही. तो मला म्हणाला, "मी समजलो, विस्तार म्हणजे इथेच. दुसरं डोक्यातच आलं नाय."

नुकसानभरपाईसाठी तो कोर्टात गेला. मी साक्ष दिली, आलेख दाखवले. कंपनीच्या वकिलाने मला कुलकर्णींचाच प्रश्न विचारला: जॉइनिंगच्या वेळची टेस्ट आहे का? नंतर मिलिंदला उभं केलं.

"तुम्ही वाद्य वाजवता?"

"हो."

"रोज?"

"हो."

"हेडफोन लावून संगीत ऐकता?"

"ऐकायचो."

"त्या संगीतात मोठे, कर्कश आवाज असतात?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलला असता तर मी गप्प राहिले असते. पण त्या संगीताबद्दल तो खोटं बोलू शकत नव्हता.

"असतात," तो म्हणाला.

दावा फेटाळला गेला.

पुढे तो तुर्भ्याच्या एका गोदामात पावत्या तपासायला लागला. शेवटचा भेटला तेव्हा मी बोलताना तो माझ्या ओठांकडे पाहत होता. क्लॅरिनेटवर फक्त खालचे सूर वाजवतो म्हणाला, वरचे खरे लागतात की नाही ते कळत नाही. झोप यावी म्हणून रेडिओवर कुठलंच स्टेशन न लावता नुसती खरखर चालू ठेवतो. कॅसेट त्याने सरांना परत दिल्या. पेपर मात्र वाचत होता. "त्याला कान लागत नाय," म्हणाला.

यंत्रात हात गेला की यंत्र थांबतं, चौकशी होते, पंचनामा होतो. कान जातो तेव्हा यंत्र चालूच असतं आणि कुणालाच काही दिसत नाही. त्यानंतर मी दोन कारखान्यांत नोकरी केली. दोन्हीकडे माझी एक अट होती: नव्या माणसाची ऑडिओमेट्री पहिल्या दिवशी, शेडमध्ये पाऊल टाकायच्या आधी. त्या अटीने फार कुणाचे कान वाचले असं मला वाटत नाही. पण कान कुठे गेले, घरी की शेडमध्ये, हे विचारायची पाळी आली तर निदान उत्तर तयार असतं.