साडेतीनशे वॅट

अण्णांचं ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे वॅट वीज खातं, हे मला मशीन घरी आल्यावर दीड वर्षाने कळलं. तोवर ते मुलुंडच्या आमच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात, सॉकेटला लावलेलं दिवसरात्र घुरघुरत असायचं. मशीनपासून अण्णांच्या नाकापर्यंत एक लांब पारदर्शक नळी. नळी पोचेल तिथपर्यंत अण्णांचं जाणं-येणं: खाट, बाथरूम, खिडकी. फुप्फुसं आकसत चालली आहेत, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढचं आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

एका सकाळी आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, येवल्याजवळच्या आमच्या गावात राहणारी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. फोन ठेवून अण्णा म्हणाले, "मला तिला बघून यायचंय."

"कसं जाणार अण्णा?"

"तुझी ती गाडी हाय ना खाली? तिच्यात बॅटऱ्या हायेत, इन्व्हर्टर हाय. मग?"

गाडी होती खरी. चार वर्षांपूर्वी मी आणि बायकोने हौसेने घेतली होती. बोरिवलीच्या एका गृहस्थाने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या सीटा काढून आत पलंग, सिंक, छोटा फ्रिज, पंखे असं छोटं घर बसवलं होतं, आणि मग त्याचीच हौस फिटली होती. आम्ही दोनदा दापोलीला जाऊन आलो. नंतर अण्णा आजारी पडले आणि गाडी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहिली ती राहिलीच. टपावर कबुतरांनी जे करायचं ते केलं.

खरं सांगायचं तर मला कुठेच जायचं नव्हतं. मला झोपायचं होतं. अंधेरीचं ऑफिस, घरी येईपर्यंत आठ, मग अण्णांचं अंग पुसणं, गोळ्या, वाफ. रात्री मशीनचा आवाज जरा बदलला की मला जाग यायची. बायको शाळेत शिकवते, ती पहाटे पाचला उठायची. आमच्यात बोलणं उरलं होतं ते फक्त कामांचं. पण अण्णांनी आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "न्या, पण दोन सिलेंडर बरोबर ठेवा आणि मशीनला वीज कमी पडू देऊ नका." वीज कमी पडू देऊ नका म्हणजे काय करायचं, ते मला कुठे माहीत होतं!

एका रविवारी दुपारी आम्ही तालीम केली. अण्णांना खुर्चीत बसवून लिफ्टने खाली आणलं, गाडीतल्या पलंगावर टेकवलं, मशीन इन्व्हर्टरला लावलं. सुरू झालं. मी बायकोकडे पाहून अंगठा दाखवला. वीस मिनिटं गेली असतील. मशीनची घुरघुर खाली उतरली, एखाद्या माणसाचा आवाज बसावा तशी. मग इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला आणि बंद पडला. पाठोपाठ मशीनचा अलार्म. बायकोने धावत सिलेंडरची नळी लावली. त्या सगळ्यात एकच माणूस शांत होता, ज्याचा श्वास त्या नळीत होता तो.

"व्होल्टेज बसलं," अण्णा म्हणाले. "जा, वायरीला हात लाव."

मी पलंगाखाली वाकून बॅटरीपासून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वायरीला हात लावला. चटका बसला.

"गरम हाय ना? मग बॅटरी मेली असं लगेच म्हणू नको. आधी वायर बघायची."

अण्णा चौतीस वर्षं बसच्या डेपोत बॅटरीच्या खोलीत होते. बॅटऱ्या उतरवायच्या, चार्जिंगला लावायच्या, पाणी भरायचं, अ‍ॅसिड मोजायचं. त्यांच्या प्रत्येक पँटला अ‍ॅसिडची बारीक भोकं असायची आणि लहानपणी मला त्या पँटींची लाज वाटायची. मी कॉमर्सचा. आपला बाप नेमकं काय काम करतो, हे मी त्या रविवारपर्यंत कधी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी औषधाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलने मला समजावलं. दोन वाक्यं बोलायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन वाक्यं. "घरात दोनशे तीस व्होल्ट. मशीन दीड अँपिअर घेतं. बारीक वायर चालते. गाडीत बारा व्होल्ट. तेवढंच काम बारावर करून घ्यायचं, म्हणजे करंट वीसपट. तीस-पस्तीस अँपिअर सतत. बारीक वायरीतून जाताना अर्धा जीव वायरीतच जातो. इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. तो बंद होतो. बरोबरच करतो तो."

"म्हणजे जाड वायर टाकली की झालं?"

"झालं असं कुठं असतंय?" ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

घाटकोपरला एका गाळ्यात इन्व्हर्टर-बॅटरीची कामं करणारा एक कोकणी माणूस मला ऑफिसातल्या कुणीतरी सुचवला. पन्नाशीचा, मालवणकडचा, कमी बोलणारा. शनिवारी तो आला, पलंगाची फळी उचलली आणि बराच वेळ नुसता बघत बसला.

"ओ साहेब, ही वायर नाय. ही सुतळी असा."

अण्णा वर घरात होते, त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. "फ्यूज कुठं टाकलाय बघा," अण्णांचा आवाज आला.

त्याने शोधला. फ्यूजच नव्हता. दोन मोठ्या बॅटऱ्या, त्यावर आमचा पलंग, दापोलीला दोन्ही वेळा आम्ही त्याच पलंगावर झोपलेलो, आणि मध्ये फ्यूज नाही. मला पायऱ्या उतरताना पाय चुकावा तसं झालं.

मग अण्णांनी प्रत्येक बॅटरीची बुचं काढायला लावून काचेच्या नळीने अ‍ॅसिडची घनता मोजून घेतली. तो माणूस आकडे वाचत होता, अण्णा वरून ऐकत होते. दुसऱ्या बॅटरीच्या चौथ्या कप्प्याला आल्यावर ते म्हणाले, "तो गेला. तो एक बाकीच्यांना घेऊन बुडणार." इन्व्हर्टरही साधा होता. पंखे आणि दिवे चालवायला ठीक, पण त्याची वीज ओबडधोबड निघते, त्यावर मशीनचा कॉम्प्रेसर कण्हत राहतो. घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा दुसरा लागणार होता.

"काका, आता लिथियमच टाका," तो माणूस फोनकडे बघत म्हणाला. "शिशाची बॅटरी अर्धीच वापरूची लागता, नायतर मरता. ही जवळजवळ पूर्ण वापरा. वजन निम्म्याहून कमी. पाणी नको, अ‍ॅसिड नको."

पलीकडे अण्णांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"पाणीच घालायचं नाही? मग माणसानं करायचं काय?"

"काय नाय. आकडो बघूचो."

अण्णांना ते पटलं नाही. मी ऑफिसातून येऊन इंटरनेटवर वाचत बसायचो, अर्धं कळायचं, अर्धं डोक्यावरून जायचं. तिसऱ्या दिवशी वाफ घेता घेता तेच म्हणाले, "लिथियम टाक. शिशाची बॅटरी चार्ज होताना वायू सोडते. डोळे चुरचुरतात, घशाला लागतं. बंद गाडीत नको. त्या वासात मी चौतीस वर्षं श्वास घेतलाय."

तेवढंच. आजार त्यानेच झाला असं ते म्हणाले नाहीत. डॉक्टरही कधी म्हणाले नाहीत. मी वाफेचं भांडं उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन ते रिकामं केलं.

पुढच्या दोन शनिवारी काम झालं. बोटाएवढ्या जाडीची केबल आली. इन्व्हर्टर मागच्या कोपऱ्यातून उचलून बॅटरीच्या शेजारी आणला, म्हणजे केबल हातभरच लागली. बॅटरीलगत फ्यूज बसवला. गाडीच्या इंजिनावर ही बॅटरी बेताबेताने भरावी म्हणून मध्ये एक वेगळा चार्जर टाकला, नाहीतर लिथियम इंजिनवर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरकडून ओरबाडून घेते आणि तो जळतो, असं तो माणूस म्हणाला. आणि ड्रायव्हरच्या सीटजवळ एक छोटा मीटर, त्यावर टक्के. गाडी चालू असताना मशीन खाईल त्याहून थोडी जास्तच वीज बॅटरीत जमा होणार होती. गाडी उभी राहिली तर आठ तास बिनघोर, नऊ ओढूनताणून.

पुन्हा तालीम. अण्णा सहा तास खाली गाडीत बसले. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन काय चाललंय विचारून गेले. मशीनचा आवाज एकदाही उतरला नाही. शेवटी अण्णांनी मलाच पुन्हा केबलला हात लावायला सांगितलं. गार होती. "झकास," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

आम्ही उजाडता उजाडता निघालो. बायको मागे अण्णांजवळ बसली, मी गाडी चालवत होतो. कसारा घाट चढताना अण्णा उशीवर कोपर टेकून बाहेर बघत होते. मी मीटर बघत होतो. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. रस्त्यावरचे खड्डे आणि टक्के, मला दुसरं काही आठवत नाही. बारा वाजता गावात पोचलो.

गावात वीज नव्हती. संध्याकाळी येते, असं आत्याची सून म्हणाली. दोघा आतेभावांनी आत्याला खुर्चीसकट उचलून गाडीत आणलं आणि अण्णांसमोर पलंगावर बसवलं. तिने आधी नळीला हात लावला, मग अण्णांच्या गालाला.

"हे काय रे लावलंय?"

"हवा हाय."

"इथं काय हवा नाय व्हय?"

अण्णा हसले, मग खोकले, मग बराच वेळ खोकतच राहिले. ती पाठीवर हात फिरवत राहिली.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो होतो. मागे दोघं बोलत होते आणि मी समोरच्या आकड्याकडे बघत होतो. एक्याण्णव. तासाला दहा टक्के. संध्याकाळ म्हणजे कधी? सहाला वीज आली तर किती उरतील, आठला आली तर किती? चार वाजता सत्तावन्न झाले तेव्हा माझ्याने राहवेना. मी इंजिन सुरू केलं.

"बंद कर रे ते," आत्या मागून ओरडली. "काय ऐकू येईना."

मी बंद केलं. त्यानंतर कधी डोळा लागला ते कळलंच नाही. कित्येक महिन्यांनी अशी झोप लागली असेल. बायकोने हलवलं तेव्हा सव्वासहा वाजले होते, मीटरवर चौतीस होते, गावात वीज आली होती आणि आतेभावांनी घरातून लांब वायर ओढून गाडीला जोडलीसुद्धा होती. आत्याला आत नेलं होतं. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो. आत्याशी काय बोलणं झालं ते मी रस्ताभर अण्णांना विचारलं नाही. मुलुंडला आल्यावर त्यांना वर न्यायचं, मशीन पुन्हा सॉकेटला लावायचं, सिलेंडर परत करायचे, सोमवारी ऑफिस. तीन महिन्यांनी अण्णा हॉस्पिटलमध्ये गेले. तिथे विजेची काहीच अडचण नव्हती.

तेराव्याचं वगैरे आमच्यात नाही. बुद्धवंदना झाली, माणसं आली, गेली. घरात अचानक इतकी शांतता झाली की बायकोलाही झोप येईना. मग एका दुपारी मी आत्याला फोन लावला. म्हटलं, "आत्या, त्या दिवशी गाडीत तुम्ही दोघं एवढा वेळ काय बोलत होतात गं? मी तिथेच होतो, पण माझं लक्षच नव्हतं."

"काय बोलणार?" ती म्हणाली. "नावं घेत बसलो. कोण हाय, कोण गेलं. शाळेत बरोबर होते ते, मळ्यातले, आईच्या माहेरचे. गेलेलेच जास्त निघाले बघ." पुढे म्हणाली, "मग तू घोरायला लागलास. तवा तो म्हणला, हळू बोल."